चौकशी आयोग आणि नागरिकाची साक्ष

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालच्या बाजूचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि मुठा नदीचे पाणी पुणे शहरात शिरले. या दुर्घटनेची कारणे शोधण्यासाठी राज्य शासनाने चौकशी आयोग नेमला. न्यायमूर्ती बावडेकर यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती व्ही. ए. नाईक यांच्याकडे सोपविण्यात आले.

अशा चौकशीस चौकशी आयोग अधिनियम, १९५२ चा आधार असतो. हा कायदा केंद्रीय असल्यामुळे पुण्याच्या रहिवाशास जो हक्क आहे, तोच सुरतेच्या बमरोली-पांडेसरा परिसरात राहणाऱ्या मराठी कामगारासही आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीच्या चौकशीसाठी केंद्र किंवा राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून आयोग नेमते. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी किंवा राज्य विधानमंडळाने तसा ठराव केल्यास आयोग नेमणे शासनावर बंधनकारक असते.

साक्षीदारास बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे व सरकारी दप्तर मागविणे या बाबतींत आयोगास दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. तथापि आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. तो सत्य शोधतो व शिफारस करतो. शिक्षा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दालमिया प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. दोषी व्यक्तीस शिक्षा व्हावयाची, तर स्वतंत्र खटला भरून तेथे पुरावा सिद्ध करावा लागतो.

पुष्कळ लोक भीतीपोटी साक्ष देण्याचे टाळतात. त्यांनी कलम ६ ध्यानात ठेवावे. आयोगाच्या प्रश्नास उत्तर म्हणून किंवा चौकशीच्या विषयास धरून केलेले निवेदन त्या व्यक्तीविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कामात वापरता येत नाही. अपवाद एकच : खोटी साक्ष दिल्याबद्दलचा खटला. दुसरीकडे, ज्याच्या लौकिकास बाध येण्याचा संभव आहे, त्यास आपली बाजू मांडण्याची व उलटतपासणी घेण्याची संधी मिळते. ही तरतूद १९७१ च्या दुरुस्तीने झाली.

आयोग निवेदने मागविणारी सूचना प्रसिद्ध करतो. तिच्यातील मुदत व चौकशीचे विषय नीट वाचून घ्यावेत. निवेदनात तारीख, वेळ व स्थळ नमूद करावे. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे. जवळची पावती, पत्र वा छायाचित्र जोडावे. त्यासोबत शपथपत्र द्यावे. लिहिता न येणाऱ्या शेजाऱ्यास शिक्षकांनी किंवा ग्रामसेवकांनी या कामी साहाय्य करावे. मात्र शब्द साक्षीदाराचेच असावेत.

अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत शासनाने तो, केलेल्या कार्यवाहीच्या ज्ञापनासह, विधानमंडळापुढे ठेवावयाचा असतो. त्या अहवालाचे मोल त्यात आलेल्या साक्षींवर ठरते. ज्यांनी घटना पाहिली तेच गप्प राहिले, तर दप्तरातील कागद तेवढेच बोलतात.