संगणकाचा कारभारी बदलताना

वाड्याचा जुना कारभारी बदलला की किल्ल्या, वह्या, देणीघेणी सारेच नव्याने लावावे लागते. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची अशीच कारभारीण. लिनक्स फुकट मिळते, तरी लोक विंडोज सोडायला कचरतात. हा निव्वळ आळस म्हणावा काय? मला तसे वाटत नाही.

कोणतीही आज्ञावली पडद्याला, कळफलकाला किंवा फाइलीला स्वतः हात लावत नाही. ती सिस्टीमकडे मागणी करते. ही मागणी करण्याची रीत प्रत्येक सिस्टीमची निराळी. म्हणूनच विंडोजसाठी लिहिलेली हिशेबाची आज्ञावली लिनक्सवर जशीच्या तशी चालत नाही. प्रिंटरलाही त्या सिस्टीमचा ड्रायव्हर हवा. शिवाय बोटांची सवय!

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्स स्वीकारायचे ठरवले. १४,००० हून अधिक संगणक बदलेपर्यंत २०१३ उजाडले आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचा निर्णय घेतला. त्यात राजकारण होतेच. पण बाहेरून आलेल्या फाइली नीट उघडत नाहीत, ही तक्रारही जुनी होती.

शिक्षकांच्या परवानगीने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पाहा. संगणकातील विंडोज तशीच राहते. आधी शाळेचा प्रिंटर चालतो का, ते तपासा.