गढूळ पाण्यातली ओळख

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि टिटवाळा, मुरबाड, बदलापूरच्या बाजूला अंधार पडताच माणसं बॅटऱ्या घेऊन ओढ्याकडे निघाली, की समजायचं, मासे चढले. वलगणीचे मासे. उल्हास, काळू, बारवी, भातसा या नद्या फुगतात, शेतातलं पाणी ओहोळांनी खाली धावू लागतं आणि मासे त्या धावत्या पाण्याच्या उलट्या दिशेने वर निघतात. बांध फुटल्या जागेतून उड्या मारत भातखाचरांत शिरतात. शिवडा, खवल, शिंगटी. पाग पडतात, बांबूचे सापळे लागतात आणि दुसऱ्या दिवशी घरोघर गाबोळीचं कालवण होतं. गाबोळीने टम्म फुगलेल्या त्या माद्या अंडी घालायला निघालेल्या असतात, हे कालवण करणारीलाही ठाऊक असतं.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडत आला आहे. ते पाणी असतं दुधाळ चहाच्या रंगाचं. बोटभर खोलीवरचं दिसत नाही, त्यात रात्र, त्यात प्रवाहाचा घोंगाट. अशा पाण्यात मादीला नर आणि नराला मादी सापडते कशी? नुसती सापडूनही भागत नाही. यांतल्या बहुतेक माशांचं फलन शरीराबाहेर, उघड्या पाण्यात होतं. मादी अंडी सोडते त्याच क्षणी, त्याच जागी नराने वीर्य सोडलं पाहिजे. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांचे शुक्रजंतू गोड्या पाण्यात पडल्यावर जेमतेम मिनिटभर वळवळतात. क्षण हुकला, की वर्षाची गाबोळी वाया.

हा क्षण मासे नाकाने साधतात.

माशाच्या नाकपुड्यांचा श्वासाशी संबंध नसतो. श्वास कल्ल्यांचा. डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना छोटे खळगे असतात. पुढच्या भोकातून पाणी आत येतं, मागच्या भोकातून बाहेर जातं. आत फुलाच्या पाकळ्यांसारख्या नाजूक घड्या असतात आणि त्यांवर गंध ओळखणाऱ्या पेशी. आपल्याला वास येतो तो हवेत उडणाऱ्या पदार्थांचा. माशाला येतो तो पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा, म्हणून जे आपल्याला पूर्णपणे निर्गंध वाटेल, ते माशासाठी दरवळत असू शकतं. पित्तातली आम्लं, लैंगिक संप्रेरकं, मूत्रातले अंश हे सगळं त्याच्या नाकाला कळतं.

याचा सर्वांत नीट उलगडा झाला तो गोल्डफिशमध्ये. दिवाणखान्यातल्या काचपेटीत फिरणारा हा मासा रोहू-कटल्याच्याच कुळातला. 1970च्या दशकातल्या प्रयोगात नरांच्या नाकपुड्या बंद केल्या, तर समोर तयार मादी असूनही ते तिच्यामागे जाईनात. पुढे नॉर्मन स्टेसी, पीटर सोरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीभोवतीच्या पाण्यात नेमकं काय असतं, ते शोधून काढलं. पाणी कोमट झालं, वनस्पती मिळाली, की मादीच्या शरीरात संध्याकाळपासून संप्रेरकांची लाट उसळते आणि अंडी शेवटच्या टप्प्यात पिकू लागतात. ती पिकवणारं स्टेरॉइड संप्रेरक रात्रभर तिच्या शरीरातून पाण्यात झिरपत राहतं. आसपासच्या नरांना त्याचा वास लागला, की अर्ध्या तासाच्या आत त्यांच्या रक्तातली संप्रेरकं वाढतात आणि काही तासांत वीर्याचं प्रमाण वाढतं. मादीने अजून एकही अंडं सोडलेलं नसतं, पण नर तयारीला लागलेले असतात.

मग पहाटे अंडी सुटून मादीच्या अंडवाहिनीत उतरतात आणि तिच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू लागतं. ते मूत्रावाटे बाहेर पडतं. हा दुसरा इशारा, आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा: आत्ता, इथे. नर झुंडीने तिच्या मागे लागतात. ती पाणवनस्पतीत शिरते तेव्हा मूत्राचे झोत अधिक वेळा सोडते, म्हणजे जागासुद्धा सांगते. पहिला गंध शरीराला तयार करतो, दुसरा वागणुकीला धक्का देतो.

आणि हे सगळं किती थोड्या प्रमाणात! पंचवीस लाख लिटरच्या ऑलिंपिक जलतरण तलावात त्या स्टेरॉइडचा एक मिलिग्रॅमही मिसळला, तरी गोल्डफिशच्या नाकाला तो पुरेसा होतो.

इथे मला 10 जुलै 1957 ही तारीख आठवते. त्या दिवशी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात तलावातल्या, रोहू-कटल्याच्या कुळातल्या कार्प माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. हे मासे तळ्यात वाढत, पिकत, पण अंडी घालत नसत, त्यांना पुराची नदी लागे. आज भारतातली मत्स्यबीज केंद्रं त्याच वाटेने चालतात आणि तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. चौधरींनी सुईने संप्रेरकांचं जे चक्र सुरू केलं, तेच नदीत ऋतू सुरू करून देतो. गोल्डफिशने त्यापुढचं दाखवलं, की या चक्रातलं संप्रेरक शरीराच्या आतच राहत नाही. त्यातलं थोडं बाहेर निसटतं आणि शेजारच्या नराच्या दृष्टीने तो निरोप होतो. आपल्या अंतःस्रावांचा सांडलेला अंश दुसऱ्याने वाचावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आता आपल्या तलावांकडे येऊ. ठाण्या-कल्याणच्या तळ्यांत आणि डबक्यांत जो मासा आता सहज सापडतो, तो चिलापी. आफ्रिकेतला हा मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये श्रीलंकेतून भारतात आणला गेला. विणीच्या काळात त्याचा बलवान नर काळाकुट्ट होतो, उथळ तळाशी तोंडाने माती उपसून ताटलीसारखा खळगा करतो आणि त्यावर पहारा देतो. मादी तिथे अंडी घालते आणि ती तोंडात घेऊन निघून जाते. पिल्लं तिच्या तोंडातच वाढतात.

पोर्तुगालच्या अल्गार्व्ह विद्यापीठातल्या संशोधकांनी या नराचं मूत्र तपासलं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात पाणी सतत शिरत असतं, म्हणून त्याला भरपूर, पातळ मूत्र सोडावं लागतं. चिलापीचा वरचढ नर मात्र ते साठवून ठेवतो. त्याचं मूत्राशय दुबळ्या नरांपेक्षा अधिक भक्कम स्नायूंचं असतं. मादी जवळ आली किंवा दुसरा नर अंगावर आला, की तो छोटे छोटे झोत सोडतो. त्यातल्या स्टेरॉइडच्या संयुगांवरून त्याचा दर्जा कळतो आणि मादीच्या शरीरात अंडी पिकवणारं संप्रेरक वाढतं. गोल्डफिशमध्ये मादी नराला तयार करते, इथे नर मादीला. आपण ज्याला घाण म्हणतो, ते त्यांचं प्रेमपत्र आहे.

मांगूरचा आफ्रिकी भाऊबंद, ज्याच्या पालनावर भारतात बंदी आहे, त्याच्यातही नराच्या शुक्राशयातला स्राव अंडी सुटलेल्या मादीला ओढून आणतो.

डोंबिवलीकरांना वासाबद्दल वेगळं सांगायला नको. रात्री अचानक कारखान्यांचा उग्र दर्प येतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जानेवारी 2014 मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. अशा रात्री आपल्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातली फोडणीही कळत नाही. माशाला तर लावून घ्यायला खिडकीच नाही. त्याच्या गंधपेशी थेट पाण्याला भिडलेल्या असतात.

पाण्यात विष फार झालं, की मासे मरून तरंगतात, फोटो छापून येतात, चौकशी होते. त्याहून कितीतरी कमी प्रमाणात माशाचं नाक बधिर होतं आणि त्याचा फोटो निघत नाही. अमेरिकेत कोहो सामन माशांवरच्या प्रयोगात लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांब्याने अर्ध्या तासात त्यांची घ्राणशक्ती मंदावली. तांबं गाड्यांच्या ब्रेकच्या झिजेतूनही येतं. शेतात फवारलं जाणारं सायपरमेथ्रिन लिटरमागे 0.004 मायक्रोग्रॅमहूनही कमी असताना अटलांटिक सामनच्या नराला मादीचं प्रोस्टाग्लँडिन नीट कळेना. मासा जिवंत, धडधाकट, पोहतोय, खातोय. फक्त निरोप पोहोचत नाही.

मेक्सिकोतला एक प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. तलवारीसारख्या शेपटीचा स्वोर्डटेल मत्स्यालयाच्या दुकानांत आपणही पाहतो, त्याच्याच एका जंगली भावंडावर तो होता. स्वच्छ पाण्यात मादी आपल्या जातीच्या नराचा गंध निवडत होती. पाण्यात ह्यूमिक आम्ल वाढवलं, तेव्हा तिला आपला आणि परका यांतला फरक कळेना. ह्यूमिक आम्ल हे कुजलेल्या वनस्पतींचं सत्त्व. सांडपाण्याने आणि खतांच्या वाहून येण्याने ते पाण्यात वाढतं. कल्याणजवळ मोहनेच्या बाजूला उल्हास नदीवर वर्षानुवर्षं पसरणारी आणि तिथेच कुजणारी जलपर्णी पाहिली, की मला त्या मेक्सिकन मादीची आठवण येते. जलपर्णी काढण्याची चर्चा होते ती पाणी उपसण्यासाठी आणि डासांसाठी. माशांच्या नाकासाठीही ती निघायला हवी.

आणि वलगणीची वेळ पाहा. आठ महिने कल्याण-शीळ रस्त्यावर साचलेली ब्रेकची धूळ, गॅरेजसमोरचं तेल, नाल्यांच्या तळचा रासायनिक गाळ हे सगळं पहिल्याच जोरदार पावसात एकदम धुऊन नदीत उतरतं. वर्षातलं सर्वांत घाण पाणी ते पहिल्या पावसाचं. त्याच पाण्यातून, त्याच रात्री, गाबोळीने भरलेली मादी खाचराकडे निघालेली असते, आणि तिचा निरोप हुंगत नर तिच्या मागे.