बरे झाल्यानंतरचे दशक

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये मुंबईत उघडले, तेव्हापासून कितीतरी वर्षे कर्करोगाचा रोगी वाचतो की नाही, याच चिंतेत गेली. उपचार संपलेल्या बालरुग्णांच्या पुढील तपासणीसाठी त्या रुग्णालयाने १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग काढला. पण १५ ते ३९ या वयोगटातील रुग्ण बालविभागात मावत नव्हता आणि प्रौढांच्या रांगेत दिसत नव्हता.

नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्याला कर्करोगाच्या उपचारसोयींचा स्पर्श झाला तो २०१२ नंतरच्या दशकात. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत नांदेड होता. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत झाले, त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि रोगी घरात निघाला की आधी शेत गहाण टाकायचे, ही रीत थोडी तरी सैल झाली. या योजनेचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तथापि शासनाने उपचाराचा शेवट तोच आजाराचा शेवट मानला. रक्ताच्या कर्करोगावरील व्हिनक्रिस्टीन हे औषध नसांना इजा करते, त्यामुळे पाऊल वर उचलले जात नाही, चालताना चप्पल निसटून मागे राहते आणि ढेकळांच्या रानात पोरगा अडखळतो. घोट्याला आधारपट्टी आणि काही महिन्यांची फिजिओथेरपी यांनी पुष्कळदा सुधारणारी ही गोष्ट आहे. डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडने खुब्याचे हाड झिजू शकते, डॉक्सोरुबिसिनने हृदय दुबळे होऊ शकते, तर केमोने अपत्यक्षमता जाऊ शकते म्हणून वीर्य गोठवून ठेवण्याविषयी केमोपूर्वीच बोलावे लागते; पण सोयरिकीची बोलणी सुरू होईपर्यंत तो विषय घरात कोणी काढत नाही. दहावी-बारावीचे बुडालेले वर्ष आणि पोलीस भरतीतील धाव यांचा हिशेब तर योजनेच्या कोणत्याच पॅकेजमध्ये नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले, त्यांत कर्करोग नाही. पाय कापलेल्या तरुणाला प्रमाणपत्र मिळते, परंतु थकव्याने दिवसभर उभे राहू न शकणाऱ्याला 'तू तर धडधाकट दिसतोस' एवढेच उत्तर मिळते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे विम्याची रक्कमही वाढवण्यात आली. पुनर्वसनाकडे मात्र त्या उत्साहाने कोणी पाहिले नाही, आणि हा निव्वळ धोरणाचा आळस होय.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपी, हृदयाची तपासणी आणि समुपदेशन या तरुणांना एकाच जागी मिळावे, आणि ते योजनेच्या खर्चात धरले जावे.