वाघनखांजवळची पाटी

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आणलेली वाघनखे लोकांसाठी खुली झाली. पोलादी पट्टीला नखे, बोटे घालायला दोन कड्या. सगळे मिळून मुठीत मावेल एवढे. या शस्त्राची एक पेटी आहे, ते ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर स्कॉटलंडमध्ये बनवलेली. तिच्यावरचा मजकूर म्हणजे या वस्तूची जुनी पाटीच. शिवाजीने ज्याने मुघल सेनापतीला मारले ते हे शस्त्र, साताऱ्याचा रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या प्रधानाने दिले, असा तिचा आशय.

त्यात ढळढळीत चूक आहे. तो सेनापती म्हणजे अफझलखान, आणि तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मुघलांचा नव्हे. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. तो खानाला मुघल म्हणेल हे पटत नाही. मजकूर दुसऱ्याच कुणी घातला असावा. पण पितळी अक्षरे असोत की छापील, पाटीवर आलेले विधान पिढ्यान्‌पिढ्या खरे मानले जाते. म्हणूनच ती लिहिणे जोखमीचे काम आहे.

लंडनचे संग्रहालय स्वतः सांगते की महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, हे सिद्ध करता आलेले नाही. दालनातला मजकूर कसा लिहावा यासाठी त्यांनी केलेल्या दहा सूत्रांत एक सूत्र नेमके हेच आहे : खात्री नसेल तर तसे कबूल करा. बोलतो तसे लिहा, हे दुसरे. एका वस्तूला साठेक शब्द पुरतात. मराठीत मी अशी पाटी लिहीन :

‘वाघनखे. पोलाद. कड्यांत बोटे घातली की नखे तळव्याआड लपतात. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात होता. त्याच्याकडून ती ब्रिटनला गेली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानावर चाललेली हीच, असे पेटी सांगते. त्याला स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही.’

यात महाराजांचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही. आधी डोळ्यांना दिसते ते, मग इतिहास, शेवटी शंका. गर्दीत रेटले जाणाऱ्या माणसाने पहिले वाक्य वाचले तरी त्याची नजर परत वस्तूकडे जाते.

मांडणीत देवनागरीची गरज वेगळी. वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा मोकळी सोडावी लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. अक्षर ठसठशीत हवे, काचेवर दिव्याची चमक नको, आणि पाटी शाळकरी पोराच्या नजरेत यावी.

पाटीने काय सांगावे हे मात्र वस्तूगणिक बदलते. सातारा जिल्ह्यातच औंधला श्री भवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, ते यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभारले. तिथे हेन्री मूरचे दगडातले ‘आई आणि मूल’ आहे. आई दिसते, मूलही दिसते. पाटीने सांगायचे ते हेन्री मूर कोण, आणि औंधच्या राजाला त्याचे शिल्प संग्रहात का हवेसे वाटले.