छोट्या लेथसाठी सेंटर व कॉलेट यांची निवड

‘मोर्स टेपर’ ही संज्ञा एक, पण तिचा उतार एक नव्हे. क्रमांक २ मध्ये २०.०२० लांबीस व्यास १ ने घटतो, क्रमांक ३ मध्ये १९.९२२ लांबीस. उतार न जुळल्यास सेंटर एकाच टोकाशी टेकून डगमगते. सबब हेडस्टॉक व टेलस्टॉक या दोहोंचे क्रमांक प्रथम पाहावेत, मायफर्ड एम. एल. ७ या इंग्रजी लेथवर दोन्ही २ आहेत, पुष्कळ छोट्या लेथवर ते भिन्न असतात.

कॉलेटांत आमची पसंती ई. आर. २५ संचास. त्यातील बहुतेक कॉलेट १ मिलिमीटर आवळते. म्हणून १ ते १६ मिलिमीटर जाडीची कोणतीही सळई धरता येते. ५-सी कॉलेटास नेमकेच माप लागते. आखूड तुकडा मात्र ई. आर. कॉलेटाच्या तोंडाशीच धरला जाऊन तिरपा होतो. तेथे चकच बरा.