व्हॉल्यूम उतरवला की गिटार बोदी का वाजते?

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलंय. ते ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. गायिकेचा अंतरा सुरू झाला की गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवावा लागतो. आवाज लहान होतो ते ठीकच, पण त्याबरोबर तो बोदा का होतो? दहावरचा नॉब आठवर आणला की तारेची धारच जाते. तारा बदलल्या, अँप्लिफायर बदलून पाहिला, तरी फरक नाही.

फरक पडणार नव्हताच, कारण दोष तिथे नाही. तारेची कंपनं टिपणाऱ्या पिकअपची कॉईल, व्हॉल्यूमच्या नॉबखालचा पॉट (कमी-जास्त करता येणारा रोध) आणि अँप्लिफायरपर्यंत जाणारी केबल यांचं मिळून एकच मंडल बनतं. त्यातला पॉट हलवला की बाकी दोघांचं नातं बदलतं.

आधी ही धार कुठून येते ते बघू. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, पण तिचे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत पोचतात. कोणता उपस्वर किती बळकट, यावरून वाद्याचा पोत ठरतो. आणि नागपूरहून प्रश्न आला आहे, तर याच विषयात रमलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याची आठवण काढायलाच हवी.

हे अधिकारी म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. वित्त खात्यात असताना १९१० मध्ये त्यांची रंगूनहून नागपूरला बदली झाली आणि १९११ मध्ये ते तिथून कलकत्त्याला गेले. नागपुरातला मुक्काम छोटा, पण तो त्यांच्या तारांच्या वेडाच्या ऐन काळातला. नागपूरला येण्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी एकतारीवर लेख लिहिला होता आणि कंप पावणाऱ्या तारेच्या निस्पंद (जवळपास स्थिर राहणाऱ्या) बिंदूंवरचं टिपण ‘नेचर’मध्ये छापून आलं होतं. पुढे १९१८ मध्ये व्हायोलिनच्या तारांवर त्यांचा मोठा प्रबंध आला. १९२१ मध्ये त्यांनी तंबोरा आणि वीणा हाती घेतली. एखाद्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूवर तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा शास्त्रज्ञ थॉमस यंगचा नियम. तंबोऱ्यात मात्र तो खणखणीत ऐकू येतो! कारण तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा धारदार नसून किंचित गोलाई असलेला, रुंद असतो. तार त्याला घासत कंप पावते आणि तिथेच उपस्वरांना बळ मिळतं. मिरजेचे कारागीर कानशीने घोडी घासून जवारी लावताना हेच साधत आले आहेत. रामन यांचं नाव निघालं की आपण २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि प्रकाशाचं विकिरण यांपलीकडे जात नाही. ध्वनीवरचं त्यांचं हे काम शाळेतल्या मुलांपर्यंत पोचत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. तंबोरा हातात देऊन शिकवता येईल असं विज्ञान आहे हे.

तंबोऱ्यात घोडी जे करते, त्याच्या जवळपासचं काम इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप आणि केबल मिळून करतात. लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारीत अशा कॉईलचं इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास असतं. केबल म्हणजे मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर. पाच मीटरची केबल लावली की दोघांचा अनुनाद ४००० हर्ट्झच्या आसपास होतो आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण याच भागात. धार येते ती इथून. दहा मीटरची केबल लावली की तोच अनुनाद ३००० हर्ट्झकडे घसरतो, म्हणजे केबल बदलली तरी आवाजाचा पोत बदलतो.

नॉब दहावर असतो तेव्हा कॉईल आणि केबल थेट जोडलेल्या असतात. तो उतरवला की दोघांच्या मध्ये रोध येतो आणि अनुनाद मोडतो. शिवाय हा रोध आणि केबल मिळून एक गाळणी तयार होते. ५०० किलोओहमचा पॉट विद्युतदृष्ट्या निम्म्यावर असला तर केबलला सुमारे १२५ किलोओहमचा रोध जाणवतो. पाच मीटर केबलसाठी हिशेब केला तर २५०० हर्ट्झच्या वरचं सगळं झिजू लागतं. एकूण आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण ५००० हर्ट्झचे उपस्वर त्याहून आणखी ७ डेसिबल खाली जातात. वाचकांना जाणवलेला बोदेपणा हाच.

उपाय छोटा आहे. पॉटच्या ज्या टोकाला पिकअपची वायर येते ते टोक आणि मधलं टोक, या दोहोंमध्ये १००० पिकोफॅरडचा कंडेन्सर जोडायचा. त्यावर १०२ असा आकडा असतो, म्हणजे दहापुढे दोन शून्यं. संध्याकाळी नागपुरात बर्डीचा मेन रोड तुंबला की दुचाकीवाले बाजूच्या गल्लीतून निसटतात, सिटी बस मात्र अडकून राहते. कंडेन्सर ही तशी गल्ली आहे: वरच्या कंपनसंख्या तिच्यातून पार होतात, खालच्या पॉटच्या रस्त्यानेच जातात.

नुसता कंडेन्सर लावला तर नॉब फार खाली आणल्यावर आवाज पातळ आणि कर्कश होतो. म्हणून त्याला समांतर १५० किलोओहमचा रोधक देतात. तपकिरी, हिरवा, पिवळा हे त्याचे पट्टे. त्याने नॉबची चाल बदलते आणि इथे पॉटची जात महत्त्वाची ठरते. आपल्या कानाला आवाजातली वाढ पटीच्या हिशेबात कळते, हे शास्त्रज्ञ फेक्नरने १८६० मध्येच मांडलं होतं. म्हणून व्हॉल्यूमला लॉग जातीचा पॉट लागतो. अशा पॉटच्या पाठीवर बहुधा ‘ए५००के’ असं असतं. ‘बी’ असेल तर तो सरळ चालीचा. खराब झालेला लॉग पॉट उघडून बघा. कार्बनची पट्टी वेगवेगळ्या रोधाच्या दोन तुकड्यांची दिसेल, खऱ्या लॉग वक्राची ती कामचलाऊ नक्कल. समांतर रोधकाने लॉग पॉट सरळ चालीकडे झुकतो आणि आवाज सावकाश उतरू लागतो. ते नको असेल तर रोधक कंडेन्सरशी एकसर जोडावा.

काही जुन्या गिटारींमध्ये जादा भागांशिवायच यातून वाट काढलेली दिसते. तिथे टोनची वायर पॉटच्या पिकअपकडच्या टोकाऐवजी मधल्या टोकाला जोडलेली असते. व्हॉल्यूम उतरवला तरी धार बरीच टिकते, पण टोनचा नॉब फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलतो. काहींना हीच जोडणी प्रिय आहे.

कंडेन्सरच्या नावाने चालणाऱ्या बाजारापासून मात्र सावध राहा. १९५०च्या दशकातल्या गिब्सन गिटारींमधले पट्टेदार ‘बंबलबी’ कंडेन्सर आज मोठ्या किमतीला विकले जातात. गिटारमधल्या अगदी क्षीण विजेला कंडेन्सरचं वय किंवा आतला कागद कळत नाही. तिला कळतो तो किती पिकोफॅरडचा आहे एवढंच. जुन्या कंडेन्सरचं मूल्य काळानुसार सरकलेलं असतं आणि लोक बरेचदा तोच फरक ऐकत असतात. बर्डीवर काही रुपयांत मिळणारा नवा कंडेन्सर हे काम चोख करतो.

आकडे शेवटी आपल्या केबलवर आणि कानावर ठरवायचे. ६८० पिकोफॅरडपासून १२०० पर्यंतचे दोन-तीन कंडेन्सर आणून मगर-चिमट्यांनी आलटून पालटून लावावेत. ऐकताना अँप्लिफायर कार्यक्रमात असतो तेवढाच मोठा ठेवावा, कारण घरच्या लहान आवाजात कान वरचे आणि खालचे स्वर वेगळेच तोलतो. पसंत पडला की मगच सोल्डरिंग करावं आणि तेही झटपट, कारण सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवला तर कार्बनची पट्टी जळते. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आणि अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील तर यातलं काहीच करू नये. तिथे पॉट साधारण २५ किलोओहमचाच असतो आणि तेवढ्या रोधाला केबल बाधत नाही.