८८ हातोड्यांची डागडुजी

सूर अचूक लावलेले असूनही ग्रँड पियानो कर्कश वाजतो, पट्टीखाली टकटक ऐकू येते, जलद वाजवताना एखादा स्वर गळतो. अशा वेळी दोष बहुधा तारांचा नसतो, तारांवर हातोड्या उडवणाऱ्या यंत्रणेचा असतो. तिला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. ८८ पट्ट्यांसकट ती टेबलाच्या खणासारखी पुढे ओढून काढता येते.

फ्लॉरेन्सचा वाद्यकार बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७००च्या सुमारास हातोडीला तारेवर आदळण्याआधीच पट्टीपासून मोकळं केलं. पॅरिसच्या एरार या पियानोकार घराण्याने १८२१मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. आजची ग्रँड अ‍ॅक्शन त्याच रचनेची वारस आहे.

झिजतात ते मऊ भाग. हातोडीच्या फेल्टवर तारांच्या खाचा पडतात, दांडीखालचा कातडी रोलर चपटा होतो, सांध्यातलं लोकरीचं अस्तर सैल पडतं. खाचा उथळ असतील तर फेल्ट पॉलिशपेपरने घासून भागतं. फेल्टच फार पातळ झाला, तर मात्र हातोड्यांचा अख्खा संच बदलावा; मधलीच एखादी नवी हातोडी शेजारणींपेक्षा वेगळी बोलते. वरच्या सप्तकात हातोडी मिलिमीटरभर सरकली तरी आवाज बसतो. नव्या हातोड्या जड निघाल्या तर पट्ट्याही जड होतात.

सांध्यांच्या बाबतीत न्यूयॉर्कच्या स्टाइनवे या पियानो कंपनीने १९६०च्या दशकात धाडस केलं. लोकर दमट हवेत फुगते म्हणून तिच्या जागी टेफ्लॉनच्या बारीक नळ्या घातल्या. टेफ्लॉन फुगत नाही हे खरंच. पण भोवतीचं लाकूड फुगतं आणि आकसतं, त्याचं काय? ऋतू बदलला की सांधे टकटकू लागले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी लोकरीकडे परतली. त्या काळातले पियानो दुरुस्तीला आले, की अनेक कारागीर दांड्या सांध्यांसकट बदलून टाकतात.

भाग बसवले की निम्मं काम झालं. हातोडी तारेपासून एक-दोन मिलिमीटरवर सुटली पाहिजे. ते ८८ वेळा जुळवायचं, मग फेल्टला सुया टोचून आवाज मऊ करायचा. हे शेवटचं काम कानांचं, आणि घाईत सर्वांत आधी टाळलं जातं तेही हेच.

मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात पट्टी अडकली म्हणून लगेच नवे भाग मागवू नका. पुष्कळदा सांध्याची पिन बदलून काम होतं. आणि जुना ग्रँड विकत घेताना नुसता वाजवून पाहू नका, अ‍ॅक्शन बाहेर काढून दाखवायला सांगा.